तलवारवाल्याचा डाव

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी आयुष्यात एकदाच योद्धा झालो होतो. साधासुधा नव्हे, पंधराव्या पायरीचा. हातात दोन मुठींची तलवार, अंगावर पोलादी चिलखत, आणि एका झटक्यात तीन वार करण्याची ताकद. त्या दिवशी दुपारी चारपासून सव्वासातपर्यंत मी नुसता बसून होतो. त्या बसण्याबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

माझा धाकटा मुलगा संगणकाच्या कंपनीत आहे. रविवारी दुपारी त्याचे चार मित्र-मैत्रिणी आमच्या घरी जमतात आणि जेवणाच्या टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. त्याचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. पहिल्या रविवारी टेबलावर फासे बघून माझ्या आईनं कपाळाला आठ्या घातल्या. आमच्या घरात फासा म्हणजे जुगार, विषय संपला. पोरानं आजीला शेजारी बसवून घेतलं, पैशाचा संबंध नाही हे दोनदा सांगितलं, आणि त्यातला वीस पैलूंचा फासा तिच्या हातावर ठेवला. "एवढ्या तोंडाचा फासा शकुनीला मिळाला असता तर त्यालाही हिशेब लागला नसता," असं म्हणून ती आपल्या खोलीत गेली. तो तिचा होकार होता.

खेळ असा. एक जण सूत्रधार, तो जग उभं करतो. पुढं नदी आहे, पलीकडं किल्ला आहे, किल्ल्यात कोण आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. बाकीचे एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी देवाचा पुजारी, कुणी चोर. "मी दार ढकलतो," असं तुम्ही म्हणायचं, फासा टाकायचा, आलेल्या आकड्यात आपल्या गुणांची भर घालायची आणि दार उघडलं की नाही ते सूत्रधारानं सांगायचं. पात्र पहिल्या पायरीपासून सुरू होतं आणि विसाव्यापर्यंत चढतं. यात हारजीत नसते. गोष्ट पुढं जाते, एवढंच. आपल्याकडच्या दास्तानगोईची ज्यांना माहिती आहे त्यांनी अशी कल्पना करावी, की दास्तान सांगणारा एक आहे, पण अमीर हमजा आणि अमर अय्यार काय बोलतील ते समोर बसलेले लोक ठरवताहेत.

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा नावाच्या छोट्या गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिल्या खेपेला एक हजार पेट्या निघाल्या, हातांनी भरलेल्या, दहा डॉलर किमतीच्या. वर्षाच्या आत त्या संपल्या. पुढं त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, कंपनी विकली गेली, दोन्ही कर्ते वारले (गायगॅक्स २००८ मध्ये, आर्नेसन २००९ मध्ये). एवढा इतिहास पुरे.

तर आमच्या टेबलावर योद्ध्याचं पात्र एका मुलीचं होतं. शांत मुलगी, पण तिची योद्धी मोठी तोंडाळ. पहिल्या सात-आठ पायऱ्यांपर्यंत मी आतल्या खोलीतून तिचा आवाज ऐकत असे. पुढं पुढं तो कमी झाला. मग ती दोन रविवार आली नाही, 'काम आहे' म्हणाली. तिसऱ्या रविवारी पात्र मोकळं पडलं म्हणून मुलगा म्हणाला, "अब्बा, तुम्ही बसा ना आज. सोपं आहे, तलवार मारायची फक्त."

मी बसलो. आम्हाला एका किल्ल्यातून एक ग्रंथ आणायचा होता. वाटेत नदी, दरी, पहारे. मी मनाशी योजत होतो की दोर कुठं बांधावा, पहारेकऱ्याशी काय बोलावं. तेवढ्यात मांत्रिकाचं पात्र करणारा मुलगा म्हणाला, "टेलिपोर्ट." म्हणजे एक मंत्र म्हटला की मंडळी इथून अदृश्य आणि तिथं हजर. फासा पडला, आम्ही किल्ल्याच्या अंगणात. नदी, दरी, पहारेकरी सगळं मागं राहिलं. सूत्रधारानं (तो माझाच मुलगा) दोन कागद मुकाट्यानं खाली ठेवले. आठवडाभर खपून केलेली नदी होती ती.

किल्ल्याचा मालक एक राक्षस निघाला. राक्षस हा शब्द या खेळात तसाच आहे, इंग्रजी पुस्तकात छापलेला. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये तो वाघाच्या तोंडाचा, उलट्या पंजांचा, झुळझुळीत अंगरखा घातलेला असा दिसतो. आपल्याकडून तिकडं जाताना त्याचं तोंड कुठं बदललं, हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. मुद्दा असा, की आम्ही खेळत होतो त्या २०१४ च्या नियमांप्रमाणे या राक्षसावर सहाव्या श्रेणीपर्यंतचा कुठलाही मंत्र चालत नाही. मुलानं तो मुद्दाम आणला होता, हे माझ्या लक्षात आलं. बापाच्या तलवारीला काम मिळावं म्हणून. मी खुर्चीत सरसावून बसलो.

मांत्रिकानं सातव्या श्रेणीचा मंत्र काढला. 'फोर्सकेज'. राक्षसाच्या भोवती अदृश्य पेटी उभी राहिली, तासाभरासाठी. तिला चुकवायला फासा टाकायची सोयच नाही, पडली की पडली. मंत्राच्या जोरावर निसटायचा एक प्रयत्न राक्षसाला होता. सूत्रधारानं दोन फासे टाकले, मोठा धरायचा. पडले चार आणि नऊ. फसला. आणि माझी पाळी आली.

"मी वार करतो," मी म्हणालो.

"काका, पेटीच्या आत काही जात नाही," मांत्रिक अगदी अदबीनं म्हणाला.

राक्षस आत, तलवार बाहेर. आम्ही ग्रंथ उचलला आणि निघालो. सगळे खुशीत होते. मीही हसलो. पण रात्री वहीत काही लिहायला बसलो तेव्हा मला ती मुलगी आठवली आणि तिचं 'काम आहे' म्हणजे काय, ते कळलं.

पुढचे दोन-तीन आठवडे मी मुलाच्या मागं लागून हे प्रकरण समजून घेतलं. या खेळात एक जुनी म्हण आहे, की योद्धा सरळ रेषेत वाढतो आणि मांत्रिक वर्गाच्या पटीत. मी ते आपल्या पद्धतीनं सांगतो : योद्ध्याची वाढ बेरजेची, मांत्रिकाची गुणाकाराची. योद्ध्याला पाचव्या पायरीवर एका डावात दोन वार मिळतात, अकराव्यावर तीन, आणि चौथा थेट विसाव्यावर. वार मात्र तोच. मांत्रिकाला पाचव्या पायरीवर दिवसाला नऊ मंत्र म्हणता येतात, पंधराव्यावर अठरा. नुसती संख्या वाढली असती तर चाललं असतं. पण जोडीला मंत्राची ताकदही वाढते, आणि शिवाय जातही बदलते. सुरुवातीला तो आग फेकतो. पुढं उडतो, मग भिंतीतून जातो, मग अंतर नाहीसं करतो, आणि सतराव्या पायरीवर त्याला 'विश' मिळतो, म्हणजे जवळजवळ 'इच्छा बोला, पूर्ण होईल'. योद्धा जास्त जोरात मारतो. मांत्रिक गोष्टीचं कथानकच बदलतो. भांडण ताकदीचं नाहीच.

यावर काही पोरं हिशेबानं मात करू बघतात. पात्र असं बांधायचं की प्रत्येक आकडा पुरेपूर वापरला जाईल. त्याला ती 'बिल्ड' म्हणतात. मला आधी हा वाण्याचा धंदा वाटला होता. मग मुलानं एक गणित करून दाखवलं आणि मला त्याची गोडी कळली. माझ्या योद्ध्याची हल्ल्यातली भर दहा. समोरच्याचं संरक्षण अठरा असेल तर फाशावर आठ किंवा जास्त लागतात. वीसपैकी तेरा पैलू, म्हणजे शंभरात पासष्ट वार लागणार. तलवारीची सरासरी इजा बारा. म्हणजे दर वाराला सरासरी पावणेआठच्या थोडं वर. आता २०१४ च्या नियमांत एक कसब आहे : नेम पाचनं कमी करायचा आणि लागलाच तर इजा दहानं जास्त. तेव्हा शंभरात चाळीसच वार लागतात, पण प्रत्येकी बावीस. सरासरी आठ पूर्णांक आठ. फायदा. समोरचं संरक्षण वीस असेल तर मात्र दोन्हीकडून सहा पूर्णांक सहाच येतात, आणि त्याच्या वर गेलं की हे कसब तोट्याचं. (फाशावर वीस पडल्यावर दुप्पट फासे टाकायला मिळतात, तो हिशेब इथं सोडला आहे.) मला मात्रा मोजण्याची सवय आहे, त्यामुळे यात कमीपणा दिसेना. मात्रा मोजता येतात म्हणून कवी खोटा ठरत नाही, आणि येत नाहीत म्हणून खराही ठरत नाही. तसंच जो आकडे जाणतो त्याला पात्राचं सोंग वठवता येणार नाही, असं काही नाही. हा वाद त्या खेळात फार जुना आहे आणि त्यात मी हिशेबवाल्यांच्या बाजूचा आहे.

हिशेबाचा अतिरेकही होतो, आणि तो फार करमणुकीचा असतो. नियमाप्रमाणे एक फेरी सहा सेकंदांची, आणि तेवढ्यात प्रत्येकाला एकेक कृती करता येते. मग कुणीतरी म्हणालं, दोन हजार शेतकरी पाच-पाच फुटांवर रांगेत उभे करा आणि भाला हातोहात पुढं द्या. सहा सेकंदांत भाला दहा हजार फूट गेला! म्हणजे आवाजापेक्षा जास्त वेगानं. आग लागल्यावर बादल्यांची रांग करतात तशी ही रांग, पण तोफेसारखी. गंमत अशी, की खेळाच्या नियमांत वेगाला काही भाव नाही, त्यामुळे शेवटच्या शेतकऱ्यानं फेकलेला भाला साध्या भाल्याइतकाच लागतो. २०२४ च्या सूत्रधाराच्या पुस्तकात तर नियम म्हणजे पदार्थविज्ञान नव्हे, अशा अर्थाचा इशाराच छापला आहे. दुसरं उदाहरण 'पन-पन' नावाच्या पात्राचं. २००३ च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीत कुणा बुद्धिवंतानं खेळातला सगळ्यात क्षुद्र प्राणी घेतला, पालीसारखा, हातभर उंचीचा. २००४ च्या एका पुस्तकात सर्पवंशातल्या एका प्राचीन जातीला खवलेवाल्या प्राण्यांचं शरीर हवं तसं घडवण्याची शक्ती दिली होती. या पठ्ठ्यानं ती शक्ती फिरवून फिरवून आपल्याच अंगावर घेतली आणि कागदावर अनंत बळाचा देव तयार केला. टेबलावर खेळायला नव्हे, नियमाला भोक कुठं आहे ते दाखवायला.

आपल्याला हे नवीन वाटू नये. घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, माणूस नको, पशू नको, असा वर मागणारा हिरण्यकश्यपू याच जातीचा बिल्डवाला होता. आणि उंबऱ्यावर, तिन्हीसांजेला, अर्धा सिंह होऊन आलेल्यानं नियम मोडला नाही; तो अधिक बारकाईनं वाचला.

पण मी हसत हसत मूळ दुखण्यापासून लांब गेलो. खेळ करणाऱ्यांना हे दुखणं दिसलं नव्हतं का? दिसलं होतं, पहिल्यापासून. सुरुवातीच्या आवृत्त्यांत पहिल्या पायरीचा मांत्रिक म्हणजे फुंकर मारली की पडणारा. चिलखत नाही, हातात फार तर सुरी, आणि दिवसाला मंत्र एक. पुढं राज्य करायचं तर आधी मरणाच्या दारात दिवस काढ, असा तो सौदा होता. योद्ध्याला नवव्या पायरीवर स्वतःचा गड बांधता येई, पदरी माणसं येत. म्हणजे मांत्रिकाकडं मंत्र तर योद्ध्याकडं फौजफाटा. मला ही तोड फार शहाणपणाची वाटते. २००० साली तिसरी आवृत्ती आली तेव्हा मांत्रिकाची अनेक बंधनं सैल झाली, आणि गड मात्र नियमांतून निघून गेला. योद्धा बिचारा तलवारीनिशी उघडा पडला.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीनं सरळ उपाय केला. सगळ्यांना एकाच साच्याच्या शक्ती : काही केव्हाही वापरायच्या, काही एका झुंजीत एकदा, काही दिवसातून एकदा. तोल साधला. आणि बऱ्याच खेळाडूंना तो आवडला नाही. योद्धा आणि मांत्रिक एकसारखेच वाटतात, अशी तक्रार झाली, आणि अनेक जण जुन्या नियमांवर बेतलेल्या 'पाथफाइंडर'कडं गेले, तो २००९ मध्ये आला. मला ते पटतं. सगळ्यांना सारख्या मात्रांची ओळ वाटून दिली की भांडण मिटतं, आणि कविताही मिटते. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनं मधला रस्ता धरला : कितीतरी मंत्रांना ध्यान लागतं, आणि ध्यान एका वेळी एकाच मंत्रावर ठेवता येतं. २०२४ च्या सुधारणेत त्या पेटीच्या मंत्रालाही ध्यान लावलं आहे. आमचा राक्षस दहा वर्षं लवकर भेटला, म्हणायचं.

मला सगळ्यात आवडलेलं उत्तर मात्र या पुस्तकांत नाही, 'तिलिस्मे होशरुबा'त आहे. तिथं जादूगार इतके प्रबळ की तलवारबहाद्दर त्यांच्यापुढं हतबल होतात. म्हणून दास्तानगोंनी अय्यार पुढं केले. अय्यार जादूगार नाही. तो वेष बदलतो, बेहोशीची दारू पाजतो, आणि बादशहाच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या जादूगाराची मान कापतो. अमर अय्यारची झोळी, जंबील, तिच्यात अख्खी दुनिया मावते. म्हणजे ज्याच्याकडं मंत्र नाही त्याला आणखी मोठी तलवार दिली नाही. मंत्राला जमत नाही ते काम दिलं.

इथं मला एक स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी कविसंमेलनाला गेलो होतो. माझा नंबर एका हास्यकवीनंतर लावला होता. त्यानं चाळीस मिनिटं घेतली आणि मंडप अक्षरशः लोळवला. रात्रीचा दीड वाजला. माझं नाव पुकारलं तेव्हा लोक सतरंज्या झटकत होते. मी दोन कविता वाचल्या, एक सूत्रसंचालकासाठी आणि एक वायरमनसाठी. अनेक वर्षं मी त्या हास्यकवीवर मनातून राग धरला. हा खेळ खेळल्यावर तो गेला. त्याचं काय चुकलं होतं? त्याच्याकडं होतं ते त्यानं दिलं, लोकांना ते हवं होतं. मुशायऱ्यातला जाणता नाजिम कुणाला कुणाच्या मागं बसवायचं याचा विचार करतो, तो इथं कुणी केला नव्हता. नंबर लागला होता, करायला काही उरलं नव्हतं.

म्हणून मी त्या मांत्रिक मुलाला बोललो, आडून आडून. तो खरंच बुचकळ्यात पडला. "काका, पण आपण जिंकलो ना?" म्हणाला. त्यानं सगळ्यांचा जीव वाचवण्यासाठीच इतका अभ्यास केला होता. मी म्हटलं, "तू जिंकलास रे. मी चहा प्यायलो." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं स्वतःहून माझ्या मुलाला विचारलं, की ती येत का नाही.

मुलानं तिला फोन केला. ती शेवटच्या दोन रविवारांना आली. मी खुर्चीत पेपर घेऊन बसलो होतो, वाचत नव्हतो. मांत्रिकानं यावेळी पेटी काढली नाही. त्यानं योद्धीला 'हेस्ट' दिला, म्हणजे तिचा वेग दुप्पट आणि डावात एक वार जास्त. उडायचा मंत्रही द्यायचा होता, पण ध्यान एकाच मंत्रावर राहतं, तेव्हा तिला विचारलं, "पंख की वेग?" ती म्हणाली, "वेग. भिंत मी चढेन." तिची ती योद्धी पुन्हा तोंड सोडून बोलायला लागली. आजी आतून ओरडली, "अरे, शेजारी काय म्हणतील?"

सोळाव्या पायरीवर त्यांनी ती गोष्ट संपवली, 'विश' हाती लागण्याआधीच. एकमतानं नव्हे, मांत्रिक मुलाला सतराव्यावर जायचंच होतं, पाच जणांत तो एकटा पडला आणि थोडा फुरंगटला. आता नवी गोष्ट सुरू केली आहे, पहिल्या पायरीपासून. यावेळी तलवार त्या मुलानं घेतली. ती म्हणाली, "मला मांत्रिक हवा." आठ हिट पॉइंटांचा मांत्रिक, नुकता घराबाहेर पडलेला. पहिल्याच रविवारी झुडपातून एका गोब्लिननं बाण सोडला. फाशावर सहा, वर भर दोनाची. बरोबर आठ. मांत्रिक आडवा.

त्या मुलाची पाळी होती. समोर गोब्लिन उभा, मारायच्या अंतरात. त्यानं तलवार म्यान केली, कमरेची औषधाची कुपी काढली आणि तिच्या मांत्रिकाच्या तोंडात ओतली. सात परत मिळाले. त्याचा डाव त्यात गेला, आणि तोवर दुसऱ्या गोब्लिननं बाण लावला होता.